बंद जबड्याची साक्ष

उरणच्या बाजूला द्रोणागिरी म्हटलं की कुणाला करंजाची देवी आठवते, कुणाला किल्ल्याचा डोंगर, तर नव्याने राहायला आलेल्यांना सिडकोच्या इमारती आणि उरण लोकलचं स्टेशन. मला मारुती आठवतो. द्रोणागिरी उचलून आणणारा तो, आणि त्याचं नाव पडलं ते जबड्यावरून. हनु म्हणजे जबडा. लहानपणी सूर्याकडे झेपावताना इंद्राच्या वज्राचा घाव हनूवर बसला, म्हणून तो हनुमान. आपण हनुवटी म्हणतो ती याच शब्दातून आलेली.

त्या द्रोणागिरीतून काही वर्षांपूर्वी एक तरुण कामगार आमच्या सरकारी रुग्णालयात आला. तक्रार एकच, जबडा आखडलाय, भाकरीचा तुकडा तोंडात जात नाही. कानाजवळ दुखतं म्हणून त्याने आधी दुकानातून कानात घालायचे थेंब आणले होते. मग कुणीतरी अक्कलदाढ असेल म्हणालं, म्हणून दोन दिवस वेदनाशामक गोळ्या झाल्या. त्याच्या हातात दंतविभागाचा कागद होता, पण तिथल्या डॉक्टरांनी तोंड बघून त्याला आमच्याकडे पाठवलं होतं.

जबड्याचा सांधा नेमका कुठे असतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडून मिटा. बोटाखाली जे सरकतं तो हा सांधा. दोन्ही बाजूंचे मिळून ते एकाच हाडाला हलवतात, त्यामुळे एक दुखला की दुसऱ्यावर भार येतो. आत कूर्चेसारखी एक छोटी चकती असते. ती जागची सरकली की तोंड उघडताना कट् असा आवाज होतो. नुसता आवाज होत असेल, दुखत नसेल, तर काळजीचं कारण नाही. झोपेत दात खाणारे, दिवसभर च्युइंगम चघळणारे, ताणाखाली जबडा आवळून बसणारे यांचे चावण्याचे स्नायू दुखतात आणि दुखणं कानात, कानशिलात, कधी मानेत जाऊन बसतं. अशांपैकी बहुतेकजण साध्या उपायांनी बरे होतात: काही आठवडे मऊ जेवण, गरम शेक, जांभई देताना हनुवटीखाली हाताचा आधार, थोडे दिवस गोळ्या, फार तर रात्री दातांवर बसवायची पट्टी. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. मोठी जांभई देताना सांधा निखळून तोंड उघडंच राहिलं तर मात्र घरी खटाटोप न करता रुग्णालय गाठायचं. अंगठ्यांनी दाढा खाली दाबून जबडा मागे सारायचा, ही रीत ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळापासून जवळपास तशीच चालत आलेली आहे. आणि लहान मूल हनुवटीवर पडल्यानंतर काही महिन्यांनी त्याचं तोंड कमी कमी उघडू लागलं, तर सांधा जुळून येतोय का हे तपासून घ्यायला हवं. तिथे उशीर झाला तर चेहऱ्याची वाढ खुंटते.

आमच्या भागात आणखी एक कारण फार दिसतं. कंटेनरवरच्या ड्रायव्हरचं तोंड दोनच बोटं उघडतं, तिखट लागलं की आत आग होते, गालाची आतली कातडी पांढरट आणि ताठ झालेली असते. ते काम सुपारी आणि गुटख्याचं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात हे मला रुग्णांकडूनच कळतं. ही कर्करोगाआधीची पायरी असू शकते, आणि सांध्याला शेक देऊन ती उलटत नाही.

निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. या तरुणाच्या एकही मावेना. गुटखा नाही, दाढ ठीक, सांध्यावर दाबलं तर फारसं दुखत नव्हतं. लाकडी पट्टी घशाच्या मागच्या भिंतीला लावली. एरवी माणसाला उमासा येतो. याने पट्टी करकचून चावली. मग विचारलं, जखम कधी झाली होती? आठवून म्हणाला, नऊ दिवसांपूर्वी चपलेतून पायात खिळा घुसला होता. धुतला, हळद लावली, विसरून गेलो.

म्हणजे धनुर्वात. जबडा बंद होण्याच्या कारणांमध्ये हे आता दुर्मीळ आणि तरीही सगळ्यांत घातक. आणि या आजारात किती दिवसांपूर्वी हा प्रश्न किती मोलाचा असतो, हे मी वैद्यकाच्या पुस्तकापेक्षा एका माणसाच्या चरित्रातून जास्त शिकलो. मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलं की परळ काही दूर नाही. तिथे त्या माणसाच्या नावाची संस्था उभी आहे. नाव हाफकिन.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले, इल्या मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली. पांढऱ्या रक्तपेशी जंतूंना गिळतात हे दाखवून पुढे नोबेल मिळवणारे ते मेचनिकोव्ह. विद्यार्थी हाफकिन झारशाहीविरोधी गटांत वावरले, पकडले गेले, आणि १८८१ च्या दंगलीत ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिल्याने जखमीही झाले. धर्म बदलला असता तर विद्यापीठात बढती मिळाली असती. त्यांनी बदलला नाही. संग्रहालयात प्राण्यांचे नमुने सांभाळत काही वर्षं काढली, मग १८८८ मध्ये जिनिव्हा आणि पुढच्या वर्षी पॅरिस. पाश्चर संस्थेत गुरू मेचनिकोव्ह आधीच गेले होते, पण जागा एकच रिकामी होती, ग्रंथपालाच्या मदतनिसाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या टेबलावर बसायचं.

त्या टेबलावर पटकीची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा टोचून घेतली स्वतःला. ताप आला, बाजू दुखली, काही दिवसांत उतरली. रशिया, फ्रान्स, स्पेन कुठेच मोठ्या प्रमाणावर ती वापरून बघायची संधी मिळेना. ती मिळाली हिंदुस्थानात. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत बंगालच्या वस्त्या, आसामचे चहामळे, छावण्या आणि तुरुंग हिंडत त्यांनी चाळीस हजारांहून जास्त माणसांना लस टोचली. मलेरियाने स्वतः खिळखिळे होऊन ते परत गेले आणि बरं वाटताच पुन्हा आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई. त्यांनी मांसाच्या सूपवर तूप तरंगत ठेवलं. होय, आपलं साजूक तूप, आणि कधी खोबरेल. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छताला चुन्याचे सुळे लोंबतात तसे. हलवलं की गळून पडतात आणि पुन्हा वाढतात. ते उष्णतेने मारले की झाली लस. तीन महिन्यांत त्यांनी हे साधलं, कामाच्या ताणाने एक मदतनीस आजारी पडला, बाकीचे सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट लस त्यांनी स्वतःच्या अंगात घेतली. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. ज्यांनी घेतली त्यांच्यात प्लेग कमी झाला. लस सगळ्यांना वाचवत नव्हती, हे हाफकिन स्वतःही सांगत. पण तोवर वाचवणारं दुसरं काही नव्हतंच.

ते वर्ष आपल्याकडे निराळ्याच कारणांनी लक्षात आहे. १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले पुण्यात गेल्या. २२ जूनला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरणारे गोरे शिपाई लोकांना नको झाले होते. त्याच हीरक महोत्सवात हाफकिन यांना सरकारी किताब मिळाला, पण त्यांची पद्धत रँडसाहेबाच्या उलट होती. ते सक्तीच्या विरोधात होते. चारचौघांत आधी स्वतःला टोचून दाखवायचे. आगाखानांनीही आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेला जागा दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलली. आज तिथेच हाफकिन संस्था आहे.

यश आलं तसे शत्रूही आले. परदेशी, ज्यू, आणि सगळ्यांत खटकणारी गोष्ट म्हणजे डॉक्टर नसलेला प्राणिशास्त्रज्ञ, अशा माणसाच्या हाताखाली लष्करी वैद्यकीय सेवेतले अधिकारी काम करत होते. माझ्या बिरादरीबद्दल बोलतोय म्हणून जरा संकोच वाटतो, पण पदवीचा अहंकार आमच्यात तेव्हा होता आणि आता गेला आहे असं म्हणवत नाही.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना लस द्यायचं ठरवलं. मागणी एकदम वाढली. वेळ वाचवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली आणि लसीत कार्बोलिक आम्ल घालणं थांबवलं. जंतू मारायला उष्णता पुरे, अशी त्यांची खात्री होती आणि पाश्चर संस्थेतली पद्धतही तशीच होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी, जे आता पाकिस्तानात आहे, पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभराने त्यांतल्या काहींचे जबडे आखडू लागले. एकूण १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ जण गेले. सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक ५३-एन. ती परळला ४१ दिवस आधी भरली होती. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेनकिन्स. निष्कर्ष निघाला की बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असावी आणि कार्बोलिक वगळणं ही चूक होती. हाफकिन पदावरून दूर झाले. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. ज्याने लाखो लोकांना आपली लस दिली, त्याच्या नावावर आता १९ मृत्यू होते. आणि स्वतःचा बचाव मांडायला व्यासपीठ नव्हतं, कारण चौकशीचे कागद पुढची काही वर्षं लोकांसमोर आलेच नाहीत.

धनुर्वाताचा जंतू जखमेतून फारसा कुठे जात नाही. मातीत, शेणात त्याचं बीज वर्षानुवर्षं पडून असतं. उकळत्या पाण्यालाही काही वेळ दाद देत नाही. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते रुजतं, वाढतं आणि विष सोडतं. ते विष नसांमधून उलट्या दिशेने मज्जारज्जूकडे चढतं आणि स्नायूंना सैल करणारे संदेश अडवतं. आवळण्याचा हुकूम चालू राहतो, सोडण्याचा पोचत नाही. जबड्याच्या नसा आखूड, म्हणून बहुधा पहिला बंद होतो तो जबडा. मग चेहरा ताणून विचित्र हसू उमटतं, पोट लाकडासारखं होतं, शेवटी पाठ धनुष्यासारखी वाकते. हे सगळं व्हायला जखमेपासून साधारण तीन दिवस ते तीन आठवडे लागतात, बहुतेकांत आठवडाभर ते दहा दिवस. जितके दिवस कमी, तितका आजार तीव्र.

आता मलकोवालकडे बघा. परळलाच जंतू शिरला असता तर त्याला त्या बंद, बिनहवेच्या बाटलीत ४१ दिवस मिळाले असते. बाटलीत आयतं विष साठलं असतं, आणि ते टोचल्यावर माणसं आठवडाभर धडधाकट फिरती ना. शिवाय हा जंतू वाढला की घाणेरडा वास सुटतो, आणि बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. उलट बीज नुकतंच, उघडतानाच पडलं असेल, तर ते रुजायला आठवडा लागणं अगदी बरोबर बसतं. कागदांतच आणखी एक नोंद होती. त्या दिवशी बूच काढायचा चिमटा कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून किंवा उकळून न घेता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून त्याच बाटलीला लावला गेला. पंजाबच्या गावातली जमीन, गुरांचं शेण, आणि घाईची वेळ. एवढं पुरे होतं.

लंडनच्या लिस्टर संस्थेला विचारलं गेलं तेव्हा समितीचा ठाम निष्कर्ष तिथे तितका ठाम राहिला नाही. कागद १९०७ च्या सुमारास बाहेर आले आणि मलेरियाचा प्रवास शोधणारे रोनाल्ड रॉस चिडून उठले. त्यांनी लेख लिहिले, आणि जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. फ्रान्समधलं ड्रायफस प्रकरण लोकांच्या ताज्या आठवणीत होतं. तसाच निष्कारण भरडलेला दुसरा ज्यू माणूस त्यांना दिसला. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. म्हणजे साक्ष दिली ती चिमट्याने, आणि १९ बंद जबड्यांनी, ते कधी बंद झाले त्या तारखांनी.

दोष नक्की कुणाचा? कंपाउंडरचा म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. एका दिवसात गावभर टोचणी उरकायची, हाताशी एक शेगडी, एक चिमटा. अशा ठिकाणी चिमटा कधीतरी पडणारच. आणि लसीत कार्बोलिक असतं तर जंतूला कदाचित पाय रोवता आले नसते, हा समितीचा मुद्दा मला पूर्ण फेकून देता येत नाही. हाफकिन निर्दोष होते, पण पद्धत बदलताना दूरच्या गावातल्या थकलेल्या हाताचा विचार त्यांच्याकडूनही थोडा राहून गेला असावा. त्यांच्यावर अन्याय झाला तो पाच वर्षं त्यांना ऐकूनच न घेण्यात.

हे मी तावातावाने लिहितोय, कारण शिकाऊ असताना मीही एकदा चुकलो आहे. रात्रीच्या पाळीत एक मध्यमवयीन बाई जबडा आखडला म्हणून आल्या. सांध्याचं दुखणं समजून मी त्यांना गोळ्या लिहून घरी पाठवलं. जखमेबद्दल विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्या झटके येत असताना परत आल्या. विळीने कापलेलं बोट तोवर बरंही झालं होतं. त्या वाचल्या नाहीत. माझी कुणी चौकशी केली नाही.

हाफकिन परत आले, पण मुंबईची प्रयोगशाळा दुसऱ्यांच्या हाती गेली होती. त्यांना कलकत्त्याला ठेवलं गेलं आणि नव्या लसींच्या चाचण्या घ्यायची परवानगी मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केलेलं नव्हतं. उरलेलं आयुष्य त्यांनी धर्माचरणात आणि पूर्व युरोपातल्या ज्यू शाळांना मदत करण्यात घालवलं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून त्यांच्या प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. त्याच १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वारले. मलकोवालच्या त्या दिवसाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं पुरी व्हायला चार दिवस कमी होते.

धनुर्वात आता कमी दिसतो. पूर्वी नाळ गंजक्या पात्याने कापली जायची, वर शेण किंवा राख लावली जायची, आणि पहिल्या आठवड्यातच बाळ दूध ओढायचं थांबायचं. तोही बंद जबडाच. पाचवी-सटवीच्या पूजेमागची भीती कुठून आली असेल, असा विचार माझ्या मनात येतो. गरोदरपणातल्या लसीमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणामुळे माता-बालकांतला धनुर्वात भारतात २०१५ मध्ये हटला असं जाहीर झालं. पण मोठी माणसं, विशेषतः पुरुष, सुटून जातात. शाळेत सोळाव्या वर्षी शेवटचं टोचलेलं असतं, पुढे दर दहा वर्षांनी घ्यायचं हे कुणी सांगत नाही. पूर्वीचं टीटी बदलून आता टीडी नावाची लस मिळते, सरकारी दवाखान्यात फुकट. खिळा, काटा, विळी, मासळीच्या हाडाची टोच, काहीही खोल गेलं की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी लसीचं विचारायचं.

द्रोणागिरीच्या त्या तरुणाला आम्ही अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवलं, कारण दार आपटलं तरी झटका येतो. विष निष्प्रभ करणारं इंजेक्शन, पायाची जखम उघडून साफ करणं, झटक्यांवरची औषधं, अकरा दिवस श्वासाचं यंत्र. पाचव्या आठवड्यात त्याने भाताची पेज मागितली. घरी जाताना त्याला टीडीची सुई दिली तेव्हा तो बुचकळ्यात पडला, आजार तर होऊन गेला ना? धनुर्वात होऊन गेल्याने अंगात संरक्षण तयार होत नाही, विषाची मात्रा त्यासाठी फार थोडी पडते, हे त्याला समजावून सांगितलं. त्याने दंड पुढे केला, आणि मग न विचारताच तोंडात बोटं घालून दाखवली. अडीच मावत होती.